थुंकीचा निकाल

आयेच्या गालात चट्टा आहे हे मला कळलं तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. भावाचा फोन. "ताई, आयेला दाढ काढायला घेऊन गेलेलो. डॉक्टर दाढेला हातच लावत नाही. बोलतो, आधी गालातला तुकडा काढून तपासा." कसला तुकडा, म्हणून विचारलं तर म्हणतो, "ते तूच येऊन बघ ना. माझं ती ऐकते का?" आमच्या भावाचं हे असं आहे. आयेसोबत राहतो तो, पण आयेचं काही निघालं की धावायचं मी, डोंबिवलीहून.

मी मानपाड्याला राहते. माहेर ठाण्याचं, खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. अंतर म्हणाल तर फार नाही, पण शीळफाट्याला बस अडकली की माणसानं काय करावं ते माणसालाच माहीत. त्या दिवशीही अडकलेले. एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला कंटेनर, आणि माझ्या डोक्यात तो एकच शब्द घुमत होता, तुकडा. आमच्या घरात तो शब्द कुणी सहज उच्चारत नाही. माझ्या आत्याचा तुकडा काढलेला. आत्या डॉक्टरकडे गेली तेव्हा तिचा गाल बाहेरून काळा पडायला लागलेला, पेजसुद्धा गिळवत नव्हती. तुकडा काढला, कॅन्सर निघाला, आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला आत्या नव्हती. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. आयेनं मात्र त्यातून भलताच अर्थ काढला. तिच्या लेखी आत्याला उशिरानं नाही मारलं, सुईनं मारलं. लोखंड लागलं आणि आजार अंगभर पसरला, असं ती आजवर छातीठोकपणे सांगत आलेली.

घरी पोचले तर आय ओट्याशी बसून कोळंबी सोलत होती. शेजारी मावशी. ही मावशी नात्याची नाही, पलीकडच्या घरातली. दोघींचं लग्न एकाच वर्षी या आळीत झालं आणि तेव्हापासून मासळीबाजारात दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी. आयेला शिंक आली तर मावशी नाक पुसेल, इतकं त्यांचं आहे. मी चपला काढता काढताच म्हणाले, "आये, आ कर."

"आली बघ हिची डाक्टरीन," आय मावशीला म्हणाली, पण आ केला. मी मोबाइलचा टॉर्च मारला. उजव्या गालात आतून दुधाची साय चिकटावी तसा पांढरा चट्टा. खालच्या कडेला तो पांढरा नव्हता, लाल होता. बोट लावलं तर आयेनं मान मागे घेतली. मला घाबरायला झालं. खरंच घाबरायला झालं, कारण आत्याचं तोंड मी पाहिलेलं.

"तपासून घेऊ या, आये."

"तपास ना. बघ, पुसून बघ, फोटो काढ. पन लोखंड लावायचा नाय."

"तुकडा इतकुसा असतो गं. तांदळाच्या दाण्याएवढा."

"तुझ्या आत्याचा केवडा व्हता?"

मी आवाज चढवूनच बोलले, कारण शांतपणे समजवायचं मला जमत नाही. आय पण कमी नाही. खालच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. शेवटी मावशीनंच मला गप्प केलं आणि चहा टाकला.

ओळखीतून ठाण्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यातल्या तोंडाच्या डॉक्टरांचं नाव मिळालं. बाई होत्या, मूळच्या कल्याणच्या. आयेला त्यांनी खुर्चीत बसवलं, गाल ताणून नीट पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या, आणि खुर्ची सरळ करून म्हणाल्या, "आजी, हा कॅन्सर असेलच असं मी म्हणत नाही. पण तुकडा काढल्याशिवाय तो नाही असंही मला म्हणता येणार नाही." आय उठली, पदर खोचला आणि बाहेर जाऊन बाकावर बसली. बोलणं संपलं.

मी आतच राहिले. काय चेहरा झालेला माझा कोण जाणे, त्या डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चाललाय, थुंकीवर. त्या निमित्तानं आई परत इथं येतील, माझ्या नजरेसमोर राहतील. बघा पटतंय का." मग त्यांनी सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं असं. आपल्या पेशींमध्ये आरएनए नावाचा पदार्थ असतो, आणि त्यातला काही अगदी लहान आकाराचा असतो. कुठल्या जीनला कधी काम करू द्यायचं आणि कधी गप्प बसवायचं, हे बऱ्याच अंशी हे छोटे आरएनए ठरवतात. पेशी बिघडायला लागली की त्यांतले काही वाढतात, काही कमी होतात. आणि ते पेशीतच कोंडून राहत नाहीत. रक्तात उतरतात, लघवीत उतरतात, थुंकीत उतरतात आणि तिथं टिकूनही राहतात. मशीनवर ते मोजता येतात.

"म्हणजे नुसत्या थुंकीवरून कॅन्सर कळेल?" मी विचारलं.

"एक दिवस कळावा म्हणून तर खटाटोप. आज नाही कळत. आज आम्ही शिकतोय. ज्यांचा तुकडा काढतो त्यांची थुंकीही घेतो आणि दोन्ही जुळतात का बघतो. थुंकी ही तुकड्याच्या जागी नाही, हे लक्षात ठेवा."

मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर पहिलं अर्धंच मनात धरलं. माणूस बुडायला लागला की काय धरतो त्याला भान नसतं. बाहेर जाऊन आयेला म्हणाले, सुई नाही, कात्री नाही, नळीत थुंकायचं फक्त.

"थुकायचा? येवडाच?" आय खो खो हसली. "अगो, तेच्यात तर मी पास व्हईन."

आत आली आणि डॉक्टरांसमोर उभी राहून तिनं आपली बोली सांगितली. "थुकी माझी. काय निगाला ते मना कललाच पायजे. वाईट निगाला तर लाव लोखंड, मी तोंडातनं हू का चू करनार नाय. आनि चांगला निगाला तर लोखंडाचा नाव परत काढायचा नाय. बोल."

"आजी, असं नसतं हो."

"असताच. मी बोलले."

डॉक्टरीणबाई हसल्या, मी नाही हसले. आयेचं 'मी बोलले' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. बाजारात तिचा नियमच तो. भाव तोंडातनं गेला की गेला. एकदा धक्क्यावरून आलेला हलवा नीट न बघताच तिनं घाईत भाव सांगून टाकला. पाटी उघडली तर माल असा ताजा फडफडीत, की गिऱ्हाईकच ओशाळलं, म्हणालं, आजी वाढवा थोडे. नाही वाढवले. त्याच भावानं सगळी पाटी देऊन टाकली, घरी येऊन दिवसभर स्वतःलाच शिव्या घातल्या, पण शब्द फिरवला नाही. अशी बाई थुंकीवर बोली लावून बसली म्हणजे ती आता हलणार नव्हती. अभ्यासातले निकाल ते लोक सहसा कुणाला सांगत नाहीत. पण आयेला निदान दवाखान्याशी बांधून ठेवावं म्हणून डॉक्टर कशाबशा तयार झाल्या. निकाल मला सांगायचा आणि मी आयेला, असं ठरलं.

नमुना घेणारी मुलगी बाहेरच्या राज्यातली, हिंदीत बोलणारी, गोड होती बिचारी. सकाळी उठल्यापासून काही खायचं नाही, प्यायचं नाही, ब्रश करायचा नाही, तंबाखू खायची नाही. "आजी, तंबाकू लेती हो?" आय ताठ होऊन म्हणाली, "छी! मैं नहीं खाती." मीही शेजारी बसून मान डोलावली. आणि आमच्या घराच्या हिशेबानं ते खोटं नव्हतंच. आमच्यात तंबाखू पुरुष खातात. बायका मशेरी लावतात, आणि मशेरी म्हणजे दात घासणं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. तवा तापला की सगळं घर खोकतं. एवढं असून त्या काळ्या भुकटीला तंबाखू म्हणायचं आमच्या आळीत कुणाच्या डोक्यात येत नाही. घर झाडतात तसं ते, रोजचं.

नवरात्र चालू होतं. टेंभी नाक्याकडचे रस्ते बंद, रिक्षावाल्यानं लांबच उतरवलं, आणि आय त्या गर्दीतून तरातरा चालत होती. पाण्याचा थेंब नाही घेतला म्हणून स्वतःवरच खूश. देवीचा उपवास आणि थुंकीचा उपवास एकात उरकला म्हणाली. दवाखान्यात नळी हातात घेऊन बसली, तोंडात थुंकी साठवली, नळीत सोडली, आणि मोठ्या ऐटीत त्या मुलीच्या हातात दिली. मुलीनं नळी उजेडात धरली. आत काळे कण तरंगत होते. खाली तळाशी गुलाबी झाक.

"आजी, ब्रश किया क्या?"

"नहीं किया. तुमने ना बोला ना."

"फिर ये काला काला?"

"वो तो मशेरी है."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला तो शब्दच माहीत नव्हता. आतून डॉक्टर आल्या, नळी बघितली आणि कपाळाला हात लावला. "आजी! मशेरी लावून आलात?"

"मग? घान तोंड घेऊन येऊ?" आय खरोखर दुखावली. "तू येवडी शिकलेली बाई, तुला मी घान तोंडातली थुकी देऊ? चांगला घसघसून साफ करून आले."

हसावं की रडावं तेच मला कळेना. डॉक्टरांनी समजावलं, की जोरानं घासल्यावर हिरड्यांतनं रक्त आलंय, रक्तात त्याचे त्याचे छोटे आरएनए भरपूर असतात, ते यात मिसळले, आता कुठला कुणाचा हे सांगता येणार नाही. नमुना बाद. मग त्यांनी विचारलं, मशेरी कधीपासून? आय म्हणाली, लगीन व्हायच्या आधीपासून, दिवसातनं मन होईल तेवढ्या वेळा. डॉक्टरांचा चेहरा बदलला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता तर मला बिलकूल थांबायचं नाही. तुकडा घेऊ द्या."

पण आयेला कोण सांगणार? तिचं एकच. एक थुंकी बाद झाली तर दुसरी घ्या. बोली ती बोली.

दुसऱ्या थुंकीसाठी हिरड्या बऱ्या व्हायला हव्या होत्या, म्हणजे मशेरी बंद. आयेनं डबी उचलून खाडीत टाकली आणि त्यानंतर आळीवर जे काही ओढवलं ते विचारू नका. डोकं दुखतंय, पोट साफ होत नाही, हात थरथरतो. भावावर खेकसायची, गिऱ्हाइकांवर खेकसायची. मावशी आपली डबी ब्लाउजात लपवून फिरायची. मला फोनवर म्हणाली, "तुझी आय मना एक दिस खाऊन टाकील गो." मी हसले आणि फोन ठेवल्यावर रडले. कारण दर रविवारी मी जाऊन टॉर्च मारायचे, आणि दर रविवारी ती लाल कड मला आधीपेक्षा मोठी वाटायची. वाटायची की होती, हे मलाही खात्रीनं सांगता यायचं नाही. नवऱ्याला फोटो दाखवायचे, तो म्हणायचा, तसंच आहे गं. त्याचा राग यायचा. आयेचा तर इतका राग यायचा, की एकदा वाटलं, हिला खुर्चीला बांधून तुकडा काढावा. आपल्या आईबद्दल असं मनात यावं याचीही मग लाज वाटायची, आणि हे सगळं घेऊन मी सोमवारी ऑफिसात जाऊन बसायचे.

दुसरी थुंकी स्वच्छ निघाली. मुलीनं नळी उजेडात धरून अंगठा दाखवला. मग वाट बघणं. मशीनवर एकेकटा नमुना लावत नाहीत, बरेच साठले की एकदम लावतात. आयेनं त्या काळात चट्ट्याचं नावही काढलं नाही. मी मात्र फोन वाजला की दचकायचे.

फोन आला तो भर दुपारी. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. डॉक्टर म्हणाल्या, "नमुना छान होता. आम्ही ज्या आरएनएकडे लक्ष ठेवतो ते आईंच्या थुंकीत वाढलेले नाहीत."

कुणीही उडी मारली असती. मी पायरीवर बसले.

"ऐकताय ना?" त्या म्हणाल्या. "यावर जाऊ नका. थुंकी साफ आणि तुकड्यात कॅन्सर, अशी माणसं आमच्याकडे आहेत. याच्या उलटही आहेत. म्हणूनच तर अजून अभ्यास म्हणतो. ती लाल कड मला अजिबात आवडलेली नाही. काहीही करा, पण आईंना आणा."

काहीही करा. हे म्हणायला सोपं आहे. मी साहेबांना सांगून निघाले आणि बसमध्ये खिडकीशी बसून विचार करत राहिले. खरं सांगितलं तर काय होणार हे मला पाठ होतं. आय टाळी वाजवेल, सगळ्या आळीला सांगेल, आणि पुन्हा लोखंडाचं नाव काढलं तर म्हणेल, मी बोलले व्हते. आणि आपल्या शब्दाला चिकटून ती बाई सरळ मरून जाईल. मला डॉक्टरांचाही राग आला. कशाला कबूल केलं निकाल सांगायचं? मशीनचा राग आला. वाईट निकाल आला असता तर बरं झालं असतं, असं मी त्या बसमध्ये मनापासून म्हणत होते. पोटच्या पोरीनं आईसाठी मागायची ही गोष्ट आहे का?

आय ओट्यावर होती, मावशी होतीच. आयेनं माझ्याकडे बघितलं. "निगाला?"

"हो."

"काय निगाला?"

"वाईट," मी म्हणाले.

एवढंच. आयेनं हातातली सुरमई खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले. मावशीनं डोळ्यांना पदर लावला, तर तिला म्हणाली, "गप गो. मेले काय मी?" मग माझ्याकडे वळून, "बरा. कदी जायाचा?" ना आरडाओरडा, ना रडणं. बोलीत हरली आणि पाटी उचलून दिली. थोड्या वेळानं आपल्याशीच म्हणाली, "मना वाटलाच व्हता." ते माझ्या जिव्हारी लागलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंड दाबून रडले.

तुकडा काढला. कॅन्सर निघाला. लहान होता, वरच्यावर होता, गाठींपर्यंत गेलेला नव्हता. ऑपरेशन झालं, गालाचा आतला भाग काढला, मानेवर टाके आले. आता आयेचं तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, हसली की एका बाजूनं हसते, आणि तिखट चालत नाही म्हणून रोज कुरकुर करते. पण आहे. पाटीवर बसते. आवाज तर इतका परत आलाय की पलीकडचा कोंबडीवाला वैतागतो. डॉक्टर मला म्हणाल्या, "आईंना समजावलंत, फार बरं केलंत." मी नुसतं हसले. खोटं बोललेले, त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. तशीच वेळ परत आली तर परत बोलेन. आयेला मात्र सांगितलं नाही. कशाला सांगायचं? जखम भरली होती.

पण आय गप्प बसणाऱ्यांतली नाही. बाजारात जी भेटेल तिला ती धरून सांगायला लागली. "लोखंड नंतर. आधी थुकी दे. थुकी खोटा बोलत नाय. माझ्या थुकीनंच मना वाचवली." टाके दाखवायची, वाकडं हसून दाखवायची. बायका ऐकायच्या. कितीतरी जणींनी मशेरी सोडली, हे खरं आहे. आयेनं बायकांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई खूश, त्यांच्या अभ्यासाला माणसं मिळाली. मलाही आधी अभिमान वाटला. मग कुठेतरी आत टोचायला लागलं. ज्या गोष्टीनं तिला वाचवलं असं ती सांगत होती, त्या थुंकीनं तर तिला काही नाही म्हणून सोडून दिलेलं. पण म्हटलं जाऊ दे, निमित्त कसलं का असेना, बायका तोंड दाखवायला जातायत ना.

मग एका रविवारी मी गेले तर घरात नारळाच्या वड्यांचा वास. आयेनं वड्या थापलेल्या, मावशी ओट्यावर फतकल मारून बसलेली, दोघी हसतायत. मावशीच्या जिभेखाली काही दिवसांपासून दुखत होतं, हे मला माहीत होतं. आय तिला घेऊन गेली, डॉक्टरांनी बघितलं, तुकडा घ्यायला हवा म्हणाल्या, तेही माहीत होतं. थुंकी दिलेली. आयेसारखीच बोली लावून.

"चांगली आली!" आयेनं माझ्या तोंडात वडी कोंबली. "हिची थुकी चांगली आली. डाक्टरीन सोता बोल्ली आमच्यासमोर."

मी वडी तोंडातून काढून हातात धरली. "आणखी काय म्हणाल्या?"

"काय ते, तुकडा काढा, तुकडा काढा. त्या बोलतातच. त्यांचा कामच ता."

"मावशी, तुकडा कधी काढायचाय?"

"आता कनाला गो?" मावशी म्हणाली. "तुझ्या आयेची वाईट आली, ती गेली. माझी चांगली आली. मी कनाला जाऊ?"

"जीभ वर कर."

"अगो, खा ना आधी..."

"मावशी, जीभ वर कर."

मी टॉर्च मारला. जिभेखाली लालभडक, खरखरीत, एका बाजूला रक्ताचं बारीक टिपूस. आयेच्या चट्ट्यापेक्षा वाईट. मी सांगितलं, समजावलं, डॉक्टरांचा शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. थुंकी साफ असली तरी आत असू शकतं, अजून पक्कं नाही, ते शिकतायत. दोघी माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या, पोरगी शिकलेली, बोलणारच. आय म्हणाली, "तू नको घाबरवू तिला. माझा बघितलास ना? जशी थुकी आली तसाच निगाला. थुकीनं माझ्याशी खोटा केला काय? नाय केला. मग हिच्याशी कनाला करील?"

यावर उत्तर एकच होतं आणि ते माझ्याजवळ होतं. मावशीशीही खोटं बोलावं असं मनात आलं, पण निकाल तिनं आपल्या कानांनी ऐकलेला. मी आयेकडे बघितलं. तिच्या मानेवरचे टाके, वाकडं हसू, मांडीवर वड्यांचं ताट. मला फार भीती वाटली. आयेनं आयुष्यात कुणाला शब्दात फसवलं नाही, आणि तिला फसवलं ते मी, तिच्या पोरीनं.

"आये," मी म्हणाले, "तुझी थुंकी पण चांगलीच आलेली."

"काय बोल्लीस?"

"चांगली आलेली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, काही वाढलेलं नाही. तुला मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस."

आयेनं मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं. तिचा हात आपसूक गालावर गेला, जिथं आतून पोकळ आहे तिथं. माझ्याकडे तिनं बघितलं ते असं, की मी कुणी परकी बाई तिच्या ओट्यावर येऊन बसलेय. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मावशीचं आमच्या घरी राहिलेलं चांगल्या पदराचं लुगडं होतं, लग्नाकार्याचं. ते तिनं मावशीच्या मांडीवर टाकलं.

"उद्या सकाली हा नेस. लवकर निगायचा हाय."

मावशीचा चेहरा उतरला. ती एकदा आयेकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. "पन माझी थुकी चांगली आली ना गो?" ती लहान पोरीसारखी म्हणाली.

आयेचा हात अजून गालावरच होता.

"माझीपन चांगलीच व्हती," ती म्हणाली.